पावसानंतरची घरबाग आणि पहिला कडाका (ठाणे–नवी मुंबई)

पावसानंतरची घरबाग म्हणजे साधारण घटस्थापनेपासून संक्रांतीपर्यंत बाल्कनी, खिडकीची ग्रील, गच्ची नाहीतर सोसायटीच्या आवारातल्या वाफ्यात करायची कामं. थंड देशांत हेच महिने बाग आवरायचे असतात, पहिलं हिम (म्हणजे गोठलेलं दव) पडायच्या आत कुंड्या घरात घ्यायच्या, कंद उपटून ठेवायचे, झाडं झाकायची. ठाणे आणि नवी मुंबईत सगळं उलटं चालतं. इथं पाऊस गेला की बागेचं वर्ष सुरू होतं, आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा भाज्यांचा, हंगामी फुलांचा सगळ्यात चांगला काळ. व्हिडिओ बघून किंवा परदेशी बियांच्या पाकिटावरचं कॅलेंडर वाचून काम करणाऱ्यांची फसगत इथंच होते, मार्चमध्ये टोमॅटो पेरतात आणि मेच्या उन्हात रोपं करपली की आपल्या हाताला गुण नाही असं समजून सोडून देतात. हाताचा काही दोष नसतो, महिना चुकलेला असतो.

हवा आणि ऊन

हवामान खात्याच्या हिशोबाने मुंबई परिसरातून मान्सून परत जायची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे, पण तो कधीकधी दिवाळीपर्यंत रेंगाळतो. पाऊस थांबला की लगेच ऑक्टोबर हीट, दुपारी पारा ३५ च्या वर, आणि चार महिने ओल्या हवेत वाढलेली लुसलुशीत पानं एकदम कडक उन्हात सापडतात. ठाण्या-नवी मुंबईतली झाडं ह्या काळात जेवढी मरतात तेवढी थंडीने कधीच मरत नाहीत. त्यामुळे पहिलं काम म्हणजे सावली. हिरवी शेडनेट असेल तर उत्तम, नसेल तर जुनी सुती साडी दुपारी ११ ते ४ बांधली तरी पंधरा दिवस निभतात.

ह्या काळात एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात, ती म्हणजे ऊन जागा बदलतं. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावर, किंचित उत्तरेकडेच असतो, म्हणून दक्षिणेच्या बाल्कनीत तेव्हा ऊन आत येतच नाही. २३ सप्टेंबरनंतर तो दक्षिणेकडे सरकतो आणि डिसेंबरच्या शेवटी दुपारी १२ वाजतासुद्धा क्षितिजापासून फक्त ४७ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन थेट हॉलच्या लादीपर्यंत येतं आणि उत्तरेच्या बाल्कनीला मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत थेट ऊन मिळतच नाही. समोर वीस मजली टॉवर असेल, जो घोडबंदर रोडला आणि खारघरला बहुतेकांच्या समोर असतोच, तर सूर्य खाली आल्यामुळे त्याची सावलीही लांब पडते. म्हणून ऑक्टोबरमध्ये एक सुट्टीचा दिवस काढून सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता ऊन कुठे पडतंय ते बघावं आणि कुंड्या त्याप्रमाणे हलवाव्यात. गुलाब, टोमॅटो, मिरची दक्षिणेला, आणि मनीप्लांट, स्नेक प्लांट, फर्न उत्तरेला. खत-औषध काही न घालता नुसत्या ह्या हलवाहलवीने बाग सुधारते.

माती

पावसाने कुंडीतली माती धुपते, दबून घट्ट होते, आणि पाण्यात विरघळणारं नत्र तळाच्या भोकातून वाहून जातं, पानं पिवळट पडायचं ते एक मोठं कारण. कुंडीचं भोक मुळांनी आणि चिखलाने बुजलेलं असतं ते काडी घालून मोकळं करावं. वरची दोन-तीन इंच माती खुरपीने उकरून काढावी, शेवाळ असेल तर खरवडून टाकावं आणि तिथं गांडूळ खत आणि मूठभर निंबोळी पेंड घालावी. गोगलगायी ह्याच वेळी सापडतात, कुंडीच्या बुडाला आणि काठाखाली, त्यांची साबुदाण्यापेक्षा थोडी मोठी पांढरट अंडी मातीत दिसली तर तेव्हाच काढून टाकायची, नाहीतर पुढच्या जूनमध्ये त्रास दुप्पट. मोठ्या आफ्रिकन गोगलगायींना उघड्या हाताने हात लावू नये.

ज्या कुंडीतलं झाड पावसात सडून गेलं ती माती फेकायची गरज नाही. गच्चीवर प्लास्टिकवर पातळ पसरून आठवडाभर ऑक्टोबरचं ऊन द्यायचं, बुरशी आणि किडीचे कोष बरेच मरतात, ह्या उन्हाचा हा एक सरळ फायदा. मग त्यात कोकोपीट आणि कंपोस्ट मिसळून पुन्हा वापरायची. नर्सरीतली नुसती लाल माती कुंडीत विटेसारखी घट्ट बसते, म्हणून साधारण ४० टक्के माती, ३० टक्के कोकोपीट आणि ३० टक्के गांडूळ खत असं मिश्रण धरावं, गच्चीच्या स्लॅबवर वजनही कमी येतं आणि सोसायटीच्या कमिटीचीही कटकट कमी होते. कुंडीखाली स्टँड किंवा विटांचे तुकडे ठेवून पाणी वाहायला जागा ठेवावी, कारण खालच्या मजल्याच्या छताला ओल आली की सगळ्यात आधी बोट बागेकडे दाखवलं जातं.

दिवाळीचा किल्ला झाल्यावर त्याची माती पोरं कोपऱ्यात ढीग घालून सोडतात, ती चाळून घ्यावी, खडी-विटा काढल्या की चांगली वापरता येते. किल्ल्यावर पेरलेले अळीव आणि मोहरी चार दिवसांत उगवतात, लहान मुलांना बागेची गोडी लागायची ती सगळ्यात चांगली सुरुवात असं माझं ठाम मत आहे, त्यामुळे तयार प्लास्टरचा किल्ला आणू नये.

आवारातल्या मोठ्या झाडांच्या फांद्या मात्र परस्पर छाटायच्या नाहीत. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. खाली पडलेला पालापाचोळा मात्र आपलाच, तो झाडून कचऱ्याच्या गाडीत टाकणं म्हणजे शुद्ध नुकसान आहे. जाळीच्या पिशवीत किंवा भोकं पाडलेल्या ड्रममध्ये दाबून, थोडं आंबट ताक आणि जुनं कंपोस्ट शिंपडून ओलसर ठेवला तर उन्हाळ्यापर्यंत खत होतं. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने शहरी गच्चीवर कमी मातीत, पालापाचोळ्यावर आणि स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर शेती करायची वाट महाराष्ट्राला दाखवली, आज इमारतींवर दिसणाऱ्या बऱ्याच बागांच्या मागे तोच विचार आहे.

काय पेरायचं

मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर हे चार पहिल्यांदा. मेथीचे दाणे स्वयंपाकघरातलेच चालतात, रात्रभर भिजवून पेरले की तीन-चार दिवसांत उगवतात आणि महिन्याभरात जुडी निघते. मुंबईच्या बाजारात मिळणारी ती बारीक, पांढऱ्या देठाची समुद्र मेथी तर पसरट ट्रेमध्ये वाळूवरही होते, दोन आठवड्यांत कापायला येते, ग्रीलमध्ये जागा नसलेल्यांनी हीच करावी. धणे मात्र आख्खे पेरू नयेत, चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाका करायच्या, तरीही उगवायला आठ ते बारा दिवस लागतात, आणि पाचव्या दिवशी धीर सुटून माती उकरणारे खूप असतात. कोथिंबिरीला ऑक्टोबर हीट आवडत नाही, ती नोव्हेंबरातच पेरलेली बरी.

टोमॅटोला दिवसाच्या उन्हाइतकीच रात्रीची हवा महत्त्वाची. रात्रीचं तापमान १५ ते २० अंशांत असलं की फळ चांगलं धरतं, रात्री उकडत राहिल्या की फुलं गळतात. आपल्याकडे ऑक्टोबरच्या रात्री २३-२४ अंशांच्या असतात आणि डिसेंबरात त्या १८ च्या आसपास येतात, म्हणून सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला बी टाकायचं, चार आठवड्यांनी रोप १२ इंची कुंडीत हलवायचं आणि फुलं डिसेंबरात येतील असा हिशोब ठेवायचा. वांगी आणि मिरचीचंही तेच. वालाचा वेल ग्रीलवर सोडला तर दिवस लहान झाल्यावर फुलतो आणि शेंगा थंडीत मिळतात, पनवेल-अलिबागकडे भांबुर्डी ह्या रानझाडाचा पाला घालून पोपटी (मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा) लावतात ती ह्याच दिवसांत. कोबी-फ्लॉवर हौस म्हणून ठीक, एका कुंडीत एक गड्डा आणि तोही अळीने खाल्लेला, जागेच्या मानाने परवडत नाही.

आणि पाण्याचं. दिवाळीत लोक आठवडाभर गावाला जातात आणि बाग नेमकी तेव्हाच जळते. बादलीत पाणी भरून तिच्यातून जुन्या सुती ओढणीच्या पट्ट्या प्रत्येक कुंडीच्या मातीत खोचून ठेवल्या की वातीसारखं पाणी चढत राहतं, बादली कुंडीपेक्षा उंचावर हवी. जायच्या आधी घरी एकदा दोन दिवस चालवून बघावं.

फुलझाडं

दसऱ्याच्या तोरणातला झेंडू कचऱ्यात टाकायचा नाही, सुकवून पाकळ्या कुस्करून पेरायचा, चार-पाच दिवसांत उगवतो आणि डिसेंबर-जानेवारीत फुलतो. संकरित जातीच्या बियांची फुलं आईसारखीच येतील असं नाही, पण येतात.

शेवंती लहान दिवसांची फुलं देणारी, म्हणजे तिला सलग लांब रात्र लागते. बाल्कनीतला दिवा रात्री उशिरापर्यंत चालू असेल किंवा रस्त्याच्या दिव्याचा झोत तिच्यावर पडत असेल तर कळ्या धरत नाहीत, नुसती पानं वाढतात, आणि लोक खत बदलत बसतात. रात्री काळोख असेल अशा कोपऱ्यात तिला हलवली की झालं. पॉइनसेटियाचंही असंच.

गुलाबाची छाटणी पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात करावी. ओल्या हवेत छाटलं तर कापलेल्या टोकापासून फांदी काळी पडत खाली वाळत जाते. धारदार कात्री, बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या (जिथून नवा फुटवा येतो त्या कोंबाच्या) वर तिरका काप, आणि कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याची) नाहीतर निदान हळद. कलमाच्या गाठीखालून येणारे जोमदार फुटवे मुळातून काढायचे, ते जंगली गुलाबाचे असतात. छाटल्यापासून साधारण सहा आठवड्यांनी फुलं. बोगनवेलीला उलट पाणी तोडायचं, पानं किंचित मलूल झाल्यावरच द्यायचं, तरच ती कागदासारख्या रंगांनी भरते.

कीड आणि धूळ

पाऊस थांबला की जास्वंदीवर पिठ्या ढेकूण, म्हणजे पांढरी कापसासारखी कीड, येतोच. मुंग्या त्याला फांदीफांदीवर नेतात, म्हणून मुंग्या दिसल्या की आधी पानांच्या बेचक्यात बघावं. थोडा असेल तर कापसाला स्पिरिट लावून पुसायचा, जास्त असेल तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा लिक्विड सोप घालून संध्याकाळी फवारायचं, दर आठवड्याला, तीन-चार वेळा. भर उन्हात फवारलं तर पानं भाजतात. डिसेंबरात गुलाबावर भुरी (पानांवरची पांढरी पिठासारखी बुरशी) दिसते, तिच्यासाठी पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम.

थंडीत आणखी एक त्रास म्हणजे धूळ. बांधकामं आणि रस्त्यांची कामं, वर हवा जमिनीलगत अडकून राहते, पानांवर राखाडी थर बसतो आणि लाल कोळी ह्या बारीक, रस शोषणाऱ्या किडीला तो भलताच मानवतो. आठवड्यातून एकदा सकाळी पानं वरून-खालून धुवावीत.

हिम

ठाण्या-नवी मुंबईत घरबागेत हिम पडत नाही. सांताक्रूझ वेधशाळेचा नीचांक ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२ चा, आणि पानांवर दव गोठायला पानाचा पृष्ठभाग शून्याला यावा लागतो. बदलापूर-कर्जतकडे खाडीपासून लांब गेलं की पहाटे पारा काही अंश अजून खाली असतो, तरी तिथंही फक्त दव. महाराष्ट्रात हिम बघायचं तर महाबळेश्वरला वेण्णा लेक आणि लिंगमळा भागात, आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल त्या रात्री जमीन आपली उष्णता वर टाकून देते, हवा तीन-चार अंश असली तरी गवत आणि गाड्यांच्या टपावरचं दव गोठतं. निफाडला, जिथं कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा मोजतात, कडाका वाढला की द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि पाणी सोडतात, कारण ओली जमीन उष्णता जास्त धरून ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते. हिमाने झाड मरतं ते पेशीतल्या पाण्याचे स्फटिक होऊन, ऊन लागल्यावर पान उकडल्यासारखं काळं पडतं.

थंड देशांतले बागवाले पहिल्या हिमाची सरासरी तारीख धरून उलटी मोजणी करतात. तिथं डेलियाची पानं हिमाने काळी पडली की कंद काढून ठेवतात, इथं डेलिया ऑक्टोबरात लावतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो. ट्युलिपच्या कंदांना तीनेक महिने थंडी लागते, फ्रीजमध्ये ठेवून करणारे करतात, पण त्या मेहनतीत चार गुलाब सांभाळून होतात. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मात्र कुंडीत लावून बघावी, नोव्हेंबरात रोप मिळतं, जानेवारीत फळ धरतं, एप्रिलच्या उन्हात जातं.

इथल्या थंडीचा फटका बसतो तो उष्ण प्रदेशातल्या झाडांना. पारा १५ च्या खाली रेंगाळला की तुळशीची पानं तपकिरी होऊन गळतात. तुळशीच्या लग्नाच्या आधी वृंदावनातली माती बदलून घ्यावी, मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडाव्यात आणि त्याच सुकवून बी म्हणून ठेवाव्यात, जुनी तुळस थंडीत गेली तर फेब्रुवारीत नवी रोपं हाताशी असतात. अडेनियमला डिसेंबर-जानेवारीत अगदी कमी पाणी, नाहीतर बुंधा सडतो. कॅलेडियम आणि फुटबॉल लिली पानं टाकून झोपतात, मेलं समजून कुंडी रिकामी करू नये, कंद आत जिवंत असतो. हळदीची पानं पूर्ण वाळली की जानेवारीत उकरून काढायची, दोन गड्डे मे महिन्यासाठी सावलीत ठेवायचे. मोगऱ्याचं पाणी नोव्हेंबरपासून कमी करायचं, जानेवारीत हलकी छाटणी करून राहिलेली पानं ओरबाडून काढायची, मग शेणखत आणि भरपूर पाणी, मार्चपासून कळ्या येतात.