चौकट हलली, पण आराखडा बदलला का?

सॉफ्टवेअरच्या आराखड्याची जुनी आणि नवी आकृती एकमेकींवर ठेवली की बदल आपोआप दिसतील, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात एखादी चौकट नुसती डावीकडे सरकवली तरी सगळे चित्र बदलते, आराखडा मात्र तसाच राहतो. उलट, यूएमएल (सॉफ्टवेअरचे भाग चौकटींनी आणि त्यांची नाती रेषांनी दाखवण्याची प्रमाण पद्धत) आकृतीत वस्तू आणि तिचा भाग जोडणाऱ्या रेषेच्या टोकाचा पोकळ तिरका चौकोन भरीव केला, तर चित्रात ठिपक्याएवढा फरक पडतो, पण अर्थ पार बदलतो. आधी भाग स्वतंत्रपणे टिकू शकत होता. आता मूळ वस्तू गेली की तोही जातो.

मजकुरातले बदल शोधण्याचे काम त्या मानाने सोपे आहे. हंट आणि मॅकिलरॉय यांनी बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेत 1976 साली मांडलेली डिफची (दोन फायलींतला फरक दाखवणाऱ्या प्रोग्रामची) पद्धत दोन्ही फायलींत त्याच क्रमाने येणाऱ्या ओळींची सर्वांत लांब मालिका शोधते. तिच्यात न बसलेल्या ओळी म्हणजे बदल. सगळी मदार क्रमावर. आकृतीत मात्र पहिली चौकट कोणती आणि शेवटची कोणती?

म्हणून आधी ठरवावे लागते की जुन्यातली कोणती चौकट नव्यातली कोणती. खरी गंमत इथेच आहे. प्रत्येक चौकटीला छुपा ओळख क्रमांक असेल तर काम झटपट होते. पण आकृती कोडवरून पुन्हा तयार केली की क्रमांकही नवे पडू शकतात. आणि 10 चौकटींच्या 10 चौकटींशी जोड्या 36,28,800 प्रकारे लागतात. सगळ्या तपासत बसणे परवडत नाही.

मेलनिक, गार्सिया-मोलिना आणि राम या संशोधकांनी 2002 मध्ये सुचवलेला उपाय मला फार आवडतो. समजा ‘ग्राहक’चे नाव ‘खातेदार’ झाले. नावांत साम्य नाही, म्हणून या जोडीला गुण 0. पण दोघेही एकाच जातीच्या बाणाने ‘ऑर्डर’ला जोडलेले आहेत आणि ‘ऑर्डर–ऑर्डर’ जोडीला गुण 1. आता प्रत्येक फेरीत प्रत्येक जोडी आपल्या गुणांचा वाटा शेजारच्या जोड्यांना देते. मग सर्वांत मोठ्या गुणाने सगळ्यांना भागायचे, आणि गुण जवळजवळ स्थिर होईपर्यंत फेऱ्या चालू ठेवायच्या. नाव हरवलेली चौकट शेजाऱ्यांवरून ओळखली जाते! ‘एक वगळली, एक नवी आली’ असे न म्हणता ‘नाव बदलले’ असे म्हणता येते.

‘दोन्ही चित्रे एआयला दाखवा, तो फरक सांगेल’ अशा जाहिराती दिसतात. जोड्या कशा लावल्या हे दाखवता येत नसेल, तर त्या उत्तरावर विसंबू नये.

बदल दाखवताना न बदललेल्या चौकटी जागच्या जागी ठेवाव्यात, कारण वाचणाऱ्याला आकृती जागेवरून आठवते. वगळलेल्या चौकटी पुसून न टाकता फिकट ठेवाव्यात. नव्याला हिरवा आणि वगळलेल्याला लाल हा रिवाज आहे, पण काही लोकांना हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत; त्यांच्यासाठी अधिक-उण्याची चिन्हेही हवीत.