सगळे अ‍ॅटनबरो एकाच घरातले?

अ‍ॅटनबरो म्हटलं की आपल्याला दोन माणसं आठवतात: ‘गांधी’ चित्रपटाचे दिग्दर्शक रिचर्ड आणि निसर्गपटांतल्या आवाजामुळे घरोघरी पोचलेले डेव्हिड. हे दोघे सख्खे भाऊ. त्यांचे वडील फ्रेडरिक हे इंग्लंडमधल्या लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य होते आणि मुलं त्या आवारातच वाढली. पुढे कॉलेजचं विद्यापीठ झालं. १९८४ मध्ये अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी डीएनए फिंगरप्रिंटिंगचा शोध लावला तो तिथेच. आणि तिथल्याच टुरी किंग व मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे आडनावही होतं. एका आडनावाचे सगळे पुरुष खरोखर एकाच मूळपुरुषाचे वंशज असतात का, हे त्यांना पाहायचं होतं.

इंग्लंडमध्ये आडनाव बापाकडून मुलाकडे जातं. फक्त पुरुषांमध्ये असणारं वाय गुणसूत्रही तसंच जातं, आणि त्याच्या बहुतेक भागात आईकडच्या गुणसूत्राशी सरमिसळ होत नाही. या गुणसूत्रावर काही जागा अशा असतात, की तिथे डीएनएची तीच चार अक्षरं लागोपाठ पुन्हा पुन्हा येतात, कुणाकडे १० वेळा, कुणाकडे ११ वेळा. मुलाकडे हा आकडा सहसा बापाचाच येतो. बदल अगदी क्वचित होतो. अशा अनेक जागांचे आकडे ओळीने मांडले की त्या घराण्याची खूण तयार होते. दोघांची खूण जुळली किंवा एखाद्या आकड्यानेच चुकली, तर त्यांचा समान पूर्वज फार लांबचा नाही असं समजायला हरकत नाही.

किंग आणि जॉबलिंग यांनी ४० ब्रिटिश आडनावांचे १,६७८ पुरुष तपासले. स्मिथ आडनावाच्या दोघांमध्ये रस्त्यावरच्या कुठल्याही दोन अनोळखी माणसांपेक्षा जास्त नातं दिसेना. ते साहजिकच आहे. स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार गावोगावी होते. अ‍ॅटनबरो आणि स्विंडलहर्स्ट या दुर्मीळ आडनावांचं चित्र मात्र पार वेगळं निघालं. त्यांच्यातल्या ७० टक्क्यांहून अधिक पुरुषांची खूण तीच किंवा जवळजवळ तीच होती.

खरी गंमत पुढे आहे. अ‍ॅटनबरो हे नॉटिंगहॅमशरमध्ये ट्रेंट नदीकाठचं एक गाव. आपल्याकडच्या ‘कर’ लावलेल्या आडनावांसारखंच हे गावावरून पडलेलं आडनाव. अशा एका गावातून वेगवेगळ्या घरची माणसं बाहेर पडू शकतात आणि सगळ्यांना तेच आडनाव चिकटू शकतं. मग आज एकाच घराण्याची खूण एवढी वरचढ कशी?

याचं उत्तर गणितात आहे. नामवंत घराणी नामशेष का होतात, त्यांचा कस कमी होतो की काय, या शंकेने इंग्लंडमधल्या फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाला पछाडलं होतं. १८७३ मध्ये त्याने हा प्रश्न जाहीरपणे मांडला आणि हेन्री वॉटसन या गणितज्ञाने तो गणिताने सोडवायला घेतला. आपण एक साधा हिशेब करू. १०० पुरुष घ्या. प्रत्येकाला सरासरी एक मुलगा. कुणाला तीन, कुणाला एकही नाही, हे निव्वळ योगायोगावर. पहिल्याच पिढीत साधारण ३७ जणांची पुरुषशाखा खुंटते. दुसऱ्या पिढीअखेर ५३ जणांची. आणि २० पिढ्यांनंतर, म्हणजे इंग्लंडमध्ये आडनावं रुजल्यापासून आजवर जेवढा काळ लोटला साधारण तेवढ्यात, सुमारे ९ उरतात. बाकीच्यांत काही खोट नव्हती, रोगराई किंवा नालायकी असं काही मानायची गरजच नाही. एखाद्याला मुलीच झाल्या की त्याचं आडनाव तिथेच थांबतं. आडनावाची सुरुवात तीन-चार घरांनी केली असेल, तरी शेवटी बहुधा एखादंच घर टिकतं आणि तेच फोफावतं. दुर्मीळ आडनावात एकच खूण पसरलेली दिसते, त्यामागे ही गळतीही आहे.

त्यामुळे कुणी दोन कर्तबगार अ‍ॅटनबरो दाखवून आडनावातच काहीतरी आहे असं म्हणू लागलं, तर ते मला पटत नाही. २० पिढ्या मागे गेलं की प्रत्येकाच्या वंशवृक्षात त्या पिढीतल्या पूर्वजांच्या १० लाखांहून अधिक जागा असतात. आडनाव त्यातल्या एकाच जागेवरून येतं. वाय गुणसूत्रावर जनुकंही मोजकीच असतात. प्राचार्य वडिलांच्या घरातली पुस्तकं आणि विद्यापीठाचं आवार या भावांना जास्त उपयोगी पडलं असणार.

शिवाय आडनाव आणि गुणसूत्र यांची जोडी मध्येच तुटू शकते. दत्तक मुलगा असतो, कुणी आईचं आडनाव लावतो, कधी बाप कागदावरचा वेगळा आणि खरा वेगळा असतो. दर पिढीला हे थोडंच घडतं, पण पिढ्यांगणिक साठत जातं. २०१२ मध्ये लेस्टरमधल्या एका वाहनतळाखाली पंधराव्या शतकातला इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा सापडला, तेव्हा त्याची डीएनए तपासणी किंग यांनीच केली. आईच्या वाटेने येणारा डीएनए राजाच्या बहिणीच्या वंशजांशी जुळला आणि ओळख पक्की झाली. राजाच्या पितृवंशातले समजले जाणारे, सॉमरसेट घराण्यातले पाच पुरुषही तपासले होते. त्यांच्यापैकी एकाचंही वाय गुणसूत्र राजाशी जुळलं नाही, आणि पाचातल्या एकाचं तर उरलेल्या चौघांशीही जुळलं नाही.