कॉल रेकॉर्डिंग गेलं कुठे?

वरूड-मोर्शीकडे संत्र्याचा बगीचा आजही बरेचदा तोंडी विकला जातो. व्यापारी येतो, झाडं फिरून पाहतो, उक्ता भाव ठरवतो आणि इसार देऊन जातो. पुढचं सारं फोनवर. मग आंबिया बहाराची गळ सुरू झाली की तोच व्यापारी म्हणतो, "एवढा भाव मी बोललोच नव्हतो भाऊ." कागद झालेला नसतोच. फोनमध्ये आपोआप साठणारं रेकॉर्डिंग हीच काय ती शेतकऱ्याची पावती. अपडेट मारला आणि रेकॉर्डिंग बंद पडलं, ही मोबाईलच्या दुकानात येणारी जुनीच तक्रार आहे. दुकानदार "कंपनीनं काढून टाकलं" एवढं सांगून मोकळा होतो. पण ही सोय एका अपडेटमध्ये गेलेली नाही, ती सात वर्षं हळूहळू बंद होत गेली.

कीपॅडच्या जमान्यातही रेकॉर्डिंग होतं. नोकियाच्या सेटवर ते लावलं की मधूनमधून बीप वाजे आणि समोरचा सावध होई. 2016 मध्ये जिओ आलं, स्वस्त स्मार्टफोन गावोगाव पोचले आणि रेकॉर्डिंगची फुकट ॲप्सही आली. गंमत अशी, की गावात ही सोय रुजत होती तेव्हा तिकडे दार बंद व्हायला सुरुवात झाली होती. 2015 च्या अँड्रॉइड 6 पासूनच बाहेरच्या ॲप्सना कॉलचा आवाज घेण्याची अधिकृत वाट राहिली नव्हती. ॲपवाले आडवाटा शोधून काम भागवत होते.

2018 च्या अँड्रॉइड 9 ने त्या आडवाटाही बुजवल्या, आणि लोकांना खरा फटका इथे बसला. कारण ॲप बंद पडल्याचं कळतच नसे. फाईल तयार व्हायची, तारीख बरोबर, मिनिटं बरोबर. ऐकायला घेतली की फक्त आपलाच आवाज: "हो... किती म्हणता?... बरं, मग गाडी कधी पाठवता?" व्यापाऱ्याच्या वाट्याला नुसती शांतता. समोरच्याचा आवाज नेटवर्ककडून थेट कानाच्या स्पीकरला जातो आणि तो पकडायची परवानगी फक्त फोनसोबत आलेल्या ॲपला मिळते. बाहेरच्या ॲपच्या हाती उरतो तो माइक. 2019 च्या अँड्रॉइड 10 ने कॉल चालू असताना तोही आवळला.

एक फट तरी राहिली. दृष्टिहीन आणि अपंग वापरकर्त्यांसाठी असलेली ॲक्सेसिबिलिटी परवानगी घेतली की काम व्हायचं. गूगलने 11 मे 2022 पासून प्ले स्टोअरच्या नियमांत हा वापरही बंद केला आणि ट्रूकॉलरनेही तेव्हा रेकॉर्डिंग काढून टाकलं. या शेवटच्या निर्णयावर मात्र मला राग धरता येत नाही. ही परवानगी ज्याच्या हाती, त्याला स्क्रीनवरचं सगळं वाचता येतं. व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान'च्या नावानं येणाऱ्या खोट्या एपीके फाईली (प्ले स्टोअरबाहेरून टाकायची ॲप्स) असल्याच परवानग्या मागून खाती रिकामी करतात.

राग यायचा तो दुसऱ्या गोष्टीचा. फोनसोबत येणाऱ्या डायलरला, म्हणजे कॉल लावायच्या ॲपला, रेकॉर्डिंगची मुभा कायम आहे. पण बऱ्याच कंपन्यांनी स्वतःचा डायलर सोडून गूगलचा घेतला, आणि तो रेकॉर्डिंग सुरू करताना दोन्ही बाजूंना मोठ्यानं तसं सांगतो. सूचना ऐकली की व्यापारी म्हणतो, "ठेवा, मग बोलू." आयफोनमध्ये ऑक्टोबर 2024 मध्ये रेकॉर्डिंग आलं, तेही अशाच घोषणेसह.

ही घोषणा आपल्या कायद्यासाठी नाही. कॅलिफोर्नियात खाजगी संभाषण रेकॉर्ड करायला सगळ्यांची संमती लागते, जर्मनीत चोरून रेकॉर्ड करणं गुन्हा आहे. आपल्याकडे स्वतःचा कॉल रेकॉर्ड करू नये असा थेट कायदा नाही. उलट आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1972 मध्येच टेपवर घेतलेलं फोनवरचं बोलणं पुरावा म्हणून मान्य केलं. मुंबईच्या कोरोनरवर (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यावर) लाच मागितल्याचा आरोप होता आणि टेप दुसऱ्या बाजूच्या डॉक्टरच्या संमतीनं झालेली होती. तिकडच्या कायद्यांचा धाक आणि इकडच्या शेतकऱ्याची गैरसोय, असा हा हिशेब आहे.

म्हणून आता गिऱ्हाईक कॅमेऱ्याआधी विचारतं, "रेकॉर्डिंग करताना बाई बोलते का यात?" काही कंपन्यांच्या स्वतःच्या डायलरमध्ये ती बोलत नाही. त्यामुळे फोन घेण्याआधी दुकानातच एक कॉल लावून बघावा. जुना फोन एक्सचेंजमध्ये देतानाही थांबून विचार करावा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार कॉपी केलेल्या रेकॉर्डिंगसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याआधीच्या कायद्याखाली, 2020 च्या खोतकर-गोरंट्याल निकालात, मूळ यंत्रच मालकानं न्यायालयात हजर केलं तर प्रमाणपत्राची गरज नाही असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं. सौद्याचा वाद मिटेपर्यंत तरी तो फोन रिसेट मारून दुकानदाराच्या हवाली करू नये.