वाऱ्याची फडफड आणि स्फटिकातली वीज

वाहत्या वाऱ्यापासून पीझोइलेक्ट्रिक, म्हणजे दाबले किंवा वाकवले की वीज निर्माण करणाऱ्या, पदार्थांच्या मदतीने वीज मिळवण्याची कल्पना अलीकडची वाटली, तरी तिची दोन्ही मुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आहेत. १८७८ मध्ये चेक भौतिकशास्त्रज्ञ स्ट्रोउहल यांनी हवा कापत जाणारी तार का गुणगुणते, याचा मोजमाप करून अभ्यास केला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८० मध्ये, पॅरिसमध्ये जाक आणि पिएर क्यूरी या बंधूंनी दाखवून दिले की क्वार्ट्झ, टूर्मलीन यांसारख्या स्फटिकांवर ठरावीक दिशेने दाब दिला, की त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युतभार निर्माण होतो. हे दोन शोध एकमेकांना भेटायला मात्र सव्वाशे वर्षांच्या आसपास काळ जावा लागला.

स्फटिकांची वाट तुलनेने सरळ होती. वीज दिल्यास स्फटिकाचा आकार बदलेल, हा उलटा परिणाम लिपमन यांनी १८८१ मध्ये गणिताने वर्तवला आणि क्यूरी बंधूंनी तो लगेच पडताळला. पहिल्या महायुद्धात लांजव्हँ यांनी पाणबुड्यांचा ठाव घेण्यासाठी क्वार्ट्झच्या चकत्या वापरल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बेरियम टायटनेट आणि १९५०च्या दशकात लेड झिर्कोनेट टायटनेट ही सिरॅमिक द्रव्ये पुढे आली. त्यांचा प्रभाव क्वार्ट्झपेक्षा कितीतरी जोरकस होता, पण ती ठिसूळ होती. वाऱ्याच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा टप्पा १९६९चा आहे, कारण त्या वर्षी जपानमध्ये कावाई यांनी ताणून आणि तीव्र विद्युतक्षेत्रात ठेवून तयार केलेल्या पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइडच्या लवचीक पापुद्र्यात हा गुण दाखवला. वाकू शकणारा, फडफडू शकणारा पदार्थ आता हाती आला होता.

दुसरी वाट अधिक गुंतागुंतीची आहे. वाऱ्यात आडवी धरलेली दांडी तिच्या मागे आलटून-पालटून दोन्ही बाजूंना भोवरे सोडते, आणि प्रत्येक भोवरा सुटताना दांडीला किंचित आडवा हिसका बसतो. हिसक्यांची वारंवारता ढोबळमानाने वाऱ्याचा वेग भागिले दांडीचा व्यास, गुणिले ०.२ इतकी असते. म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाच्या वाऱ्यात १ मिलिमीटर जाडीची तार १,००० हर्ट्झच्या सुरात गुणगुणते, तर २ सेंटिमीटर जाडीची दांडी ५० हर्ट्झने थरथरते. भोवऱ्यांच्या या दुहेरी रांगेच्या स्थैर्याचे गणित फॉन कार्मान यांनी १९११-१२ मध्ये मांडले. अभियंत्यांच्या लेखी मात्र ही थरथर दीर्घकाळ शत्रूच राहिली. ७ नोव्हेंबर १९४० रोजी अमेरिकेतील टॅकोमा नॅरोज पूल ताशी सुमारे ६५ किलोमीटरच्या वाऱ्यात पिळवटत कोसळला. अनेक पाठ्यपुस्तकांत त्याचे कारण साधा अनुनाद, म्हणजे वाऱ्याच्या हिसक्यांची लय पुलाच्या स्वतःच्या लयीशी जुळणे, असे दिलेले असते आणि ते दुरुस्त व्हायला हवे. पुलाची पिळवटणारी हालचालच वाऱ्यातून अधिकाधिक ऊर्जा ओढून घेत होती. वीज मिळवू पाहणाऱ्याला नेमके हेच ओढून घेणे हवे असते.

मग दोन्ही वाटा एकमेकींना इतक्या उशिरा का मिळाल्या? माझ्या मते कारण पदार्थात नाही, गरजेत आहे. गॅसच्या लायटरचे बटण दाबले की आतल्या सिरॅमिकवर हातोडी आदळून हजारो व्होल्टचा विद्युतदाब तयार होतो आणि ठिणगी उडते, पण तिच्यातली एकूण ऊर्जा अत्यल्प असते. अशा विजेवर चालेल असे उपकरणच पूर्वी फारसे नव्हते. १९९०च्या दशकाअखेर बिनतारी संवेदक (सेन्सर) काही मिलिवॅट किंवा त्याहूनही कमी शक्तीवर चालू लागले आणि दुर्गम ठिकाणी त्यांचे सेल बदलणे हीच मोठी अडचण ठरली. संवेदकाच्या इतक्या लहान आकाराला पात्यांची छोटी पवनचक्की फारशी सोयीची नाही, कारण तिच्या बेअरिंगमधले घर्षणच मिळकतीचा मोठा वाटा खाते.

२००१ मध्ये अमेरिकेत आडोशामागच्या भोवऱ्यांत ईल माशासारखी सळसळणारी पॉलिमरची पट्टी पाण्याच्या प्रवाहात तपासली गेली. २००५ मध्ये शशांक प्रिया आणि सहकाऱ्यांनी दहा पीझो पट्ट्यांची छोटी पवनचक्की करून ताशी १६ किलोमीटरच्या वाऱ्यात ७.५ मिलिवॅट मिळवले. पण तिच्यात फिरणारा आस होताच. पुढे कॉर्नेल विद्यापीठात तोही टाळून, देठाला लोंबणाऱ्या पानासारखी रचना केली गेली, जिथे फडफडणारे पान देठाच्या पापुद्र्याला वाकवत राहते.

खरी अडचण अशी, की प्रत्येक पट्टीची स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते आणि वारा तिच्याशी बांधील नसतो. भोवऱ्यांवर चालणारी रचना वेगाच्या अरुंद टप्प्यातच जोमाने हलते. म्हणून संशोधकांचे लक्ष ‘गॅलपिंग’कडे वळले, ज्यात एका ठरावीक वेगानंतर डोलणे सुरू होते आणि वारा वाढला तरी ते थांबत नाही. त्याची अट डेन हार्टोग यांनी १९३२ मध्ये सांगितली होती, बर्फ साचलेल्या वीजवाहक तारा वाऱ्यात उसळतात त्या संदर्भात. तारा वाचवण्यासाठी शोधलेल्या त्या अटीवरून आता पट्टीच्या टोकाला लावायच्या ठोकळ्याचा छेद चौकोनी घ्यावा की अर्धवर्तुळाकार, हे तपासले जाते.