पहिल्या मल्टी-गन सामन्याआधी

मल्टी-गन हा खेळ लांबून पाहिला तर नुसता गोंधळ वाटतो. बीप होतो, नेमबाज रायफल घेऊन धावत सुटतो, लांबवरच्या पोलादी पट्ट्या वाजवतो, रायफल एका पिंपात उभी करतो, टेबलावरची शॉटगन उचलतो, उडालेली मातीची तबकडी हवेतच फोडतो आणि शेवटी कमरेचं पिस्तूल काढून पुठ्ठ्याच्या टार्गेटांवर दोन-दोन गोळ्या झाडत पुढे सरकतो. सगळं एका दमात, एकाच घड्याळावर. या खेळात नव्याने उतरणाऱ्याला पहिल्याच दिवशी नियमांची लांबलचक यादी ऐकवली जाते आणि ती कुणाच्या तरी लहरीतून आल्यासारखी भासते. तसं नाही. जवळजवळ प्रत्येक नियमामागे एखादा जुना वाद, जुनी पळवाट किंवा जुना धोका आहे. तो माहीत असेल तर पहिला सामना निम्म्याने सोपा जातो, असं माझं ठाम मत आहे.

या खेळाची मुळं १९५० च्या दशकातल्या कॅलिफोर्नियात आहेत. टीव्हीवरच्या काउबॉय मालिकांमुळे तेव्हा अमेरिकेत झटपट पिस्तूल उपसण्याच्या स्पर्धांचं वेड पसरलं होतं. त्यातल्या बऱ्याच स्पर्धा बिनगोळीच्या नाहीतर मेणाच्या गोळीच्या काडतुसांवर होत. हात किती चपळ आहे ते कळायचं, पण गोळी कुठे गेली असती ते कळत नसे. मरीन कोरमध्ये अधिकारी राहिलेले जेफ कूपर यांनी बिग बेअर लेक इथे खऱ्या काडतुसांची स्पर्धा भरवायला सुरुवात केली. तिचं नाव ‘लेदरस्लॅप’. एकवीस फुटांवर अठरा इंची फुगे, दोघे नेमबाज शेजारी शेजारी उभे, ज्याचे फुगे आधी फुटतील तो पुढच्या फेरीत.

बंदूक कशी धरायची यावर बंधन नव्हतं, आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं. बहुतेकजण काउबॉयच्या थाटात कमरेजवळूनच, नेम न धरता, एका हाताने गोळी झाडत. लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफ खात्यातला जॅक वीव्हर मात्र रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांत घेऊन डोळ्यासमोर आणायचा, साइटमधून, म्हणजे नळीवरच्या नेम धरायच्या खुणेतून, बघायचा आणि मगच चाप ओढायचा. बघणाऱ्याला वाटावं, यात वेळ गेला. पण बाकीचे दोन-तीन गोळ्या वाया घालवत तोवर याचे फुगे फुटलेले असत. १९५९ मध्ये तो जिंकला. कूपरनी त्याची पद्धत उचलली, तिच्यावर लिहिलं, आणि दोन्ही हातांनी पिस्तूल धरणं हळूहळू सगळीकडे रूढ झालं. पद्धत मोकळी ठेवायची आणि निकाल घड्याळ व टार्गेटवर सोडायचा, हे सूत्र तिथे पक्कं झालं. मल्टी-गनमध्ये आजही स्टेजचं, म्हणजे एका धावेत पुरी करायच्या टार्गेटांच्या मांडणीचं, वर्णन वाचून दाखवल्यावर ती कशी सोडवायची हे नेमबाजाचं त्यानेच ठरवायचं असतं.

१९७६ च्या मे महिन्यात मिसुरी राज्यातल्या कोलंबिया गावी वेगवेगळ्या देशांतले नेमबाज जमले आणि ‘इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन’, म्हणजे आयपीएससी, स्थापन झाली. कूपर पहिले अध्यक्ष. ब्रीदवाक्य लॅटिन होतं, त्याचा आशय अचूकता, ताकद आणि वेग. अमेरिकेतली शाखा, यूएसपीएसए, १९८४ मध्ये रीतसर नोंदली गेली.

ही तिन्ही तत्त्वं गणितात कशी बसवली, ते नवख्याने जरूर समजून घ्यावं. अचूकतेसाठी पुठ्ठ्यावर ए, सी, डी असे पट्टे आणि त्यांना उतरते गुण. ताकदीसाठी ‘पॉवर फॅक्टर’: गोळीचं ग्रेन या छोट्या एककातलं वजन गुणिले सेकंदाला किती फूट तो वेग, भागिले हजार. ११५ ग्रेनची ९ मिलिमीटरची गोळी ११५० फुटांच्या वेगाने गेली तर उत्तर १३२ येतं. म्हणजे १२५ ची खालची मर्यादा ओलांडली, पण ‘मेजर’ गटासाठी यूएसपीएसएला आज लागणारे १६५ गाठले नाहीत. अशा हलक्या काडतुसाला सी आणि डी पट्ट्यांत कमी गुण मिळतात, कारण त्याचा धक्का कमी, त्यामुळे पुढची गोळी लवकर झाडता येते. वेगाचा हिशोब त्याहून सुंदर आहे. मिळालेले गुण भागिले लागलेला वेळ. दहा सेकंदांत साठ गुण म्हणजे ६. आठ सेकंदांत पन्नास गुण म्हणजे ६.२५. दुसरा नेमबाज थोडा ढिसाळ असूनही पुढे गेला. आणखी घाई करून त्याच आठ सेकंदांत त्याचे पंचेचाळीसच झाले असते तर तो मागे पडला असता. कुठे थांबायचं आणि कुठे सुटायचं हा हिशोब प्रत्येकाला धावता धावता करावा लागतो. १९८० च्या दशकात गोळीचा आवाज टिपणारे इलेक्ट्रॉनिक टायमर आल्यावर शंभराव्या भागापर्यंतचा वेळ मिळू लागला आणि स्टॉपवॉचवरची भांडणं मिटली.

इथवरचा सगळा खेळ मुख्यतः पिस्तुलाचा होता. तीन बंदुका एकत्र आणून त्या प्रकाराला नाव मिळवून देण्याचं श्रेय बहुतेक जाणकार एका मासिकाला देतात. रॉबर्ट के. ब्राउन यांनी १९७५ मध्ये कोलोरॅडोत सुरू केलेलं ‘सोल्जर ऑफ फॉर्च्यून’. माजी सैनिक आणि परदेशी युद्धांच्या बातम्यांत रस असलेले लोक हा त्याचा वाचकवर्ग. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्यांच्या वार्षिक मेळाव्याला जोडून तीन बंदुकांचा सामना होऊ लागला, पुढे बरीच वर्षं लास व्हेगसजवळ. वाचकांच्या घरी पिस्तूल, रायफल आणि शॉटगन अशा तिन्ही वस्तू होत्याच. तिन्हींवर हात बसलेला माणूस कोण, हा प्रश्न त्यांना पिस्तुलाच्या अजिंक्यपदापेक्षा जवळचा वाटला, यात नवल नाही.

मात्र सुरुवातीच्या सामन्यांत तिन्ही बंदुका बहुधा वेगवेगळ्या स्टेजवर चालत आणि गुणांची शेवटी बेरीज होई. आयपीएससीच्या ‘टूर्नामेंट’ प्रकारात आजही मुळात हाच विचार आहे: पिस्तुलाचा, रायफलचा आणि शॉटगनचा असे स्वतंत्र घटक-सामने आणि मग एकत्रित निकाल. खरा मल्टी-गन जन्मला तो एकाच धावेत एक बंदूक ठेवून दुसरी घ्यायला लागल्यावर. आणि तिथेच नवा धोका आला.

भरलेली बंदूक हातात असेपर्यंत ती कुणाच्या ताब्यात आहे हे स्पष्ट असतं. नेमबाजाने ती खाली ठेवली, पुढे धावला, आणि मागून पंच व टायमर घेतलेला माणूस येतो आहे, तेव्हा त्या बंदुकीची जबाबदारी कुणाची? यावर खेळाने काढलेला तोडगा म्हणजे ते पिंप. बंदूक ठरलेल्या जागीच, तोंड ठरलेल्या दिशेला करून ठेवायची. एकतर पूर्ण रिकामी, नाहीतर सेफ्टी लावलेली. रेंज ऑफिसर, म्हणजे पंच, ते पाहतो. सेफ्टी न लागलेली भरली बंदूक सोडून पुढे गेलात की सामन्यातून बाद. धाव कितीही देखणी झालेली असो. नवख्यांची सर्वाधिक फसगत याच क्षणी होते. शेवटची गोळी लागल्याचा आनंद झालेला असतो, नजर पुढच्या बंदुकीकडे गेलेली असते आणि अंगठा सेफ्टीवर जायचा राहून जातो. म्हणून जुने खेळाडू घरी रिकाम्या बंदुकीवर नेम धरण्याइतकाच सराव ‘सेफ्टी, ठेवणं, सोडणं’ या तीन हालचालींचा करतात. सरावाचा वेळ कमी असेल तर नवख्याने तो आधी यालाच द्यावा.

बाकीचे सुरक्षेचे नियम पिस्तुलाच्या सामन्यांतूनच आले. स्टेजवर बोलावून ‘मेक रेडी’ (तयार व्हा) म्हणेपर्यंत सगळ्या बंदुका रिकाम्या. बंदुकीचं तोंड दोन्ही बाजूंच्या नव्वद अंशांच्या मर्यादेपलीकडे, म्हणजे मागे, वळलं की बाद. चाप ओढायचा नसेल तेव्हा बोट चापावर नको. धाव संपल्यावर ‘अनलोड अँड शो क्लिअर’, म्हणजे बंदूक रिकामी करून दाखवा. इंग्रजी हुकूम जगभर हेच ठेवले आहेत, कारण कानावर संरक्षक चढवलेला माणूससुद्धा ते ओळखतो.

१९९० च्या दशकापासून अमेरिकेच्या पश्चिम भागात कुठल्याही संघटनेच्या छत्राखाली नसलेले मोठे सामने वाढले. न्यू मेक्सिकोतल्या रेटनचा रॉकी माउंटन, ॲरिझोनातल्या मेसाचा सुपरस्टिशन माउंटन, आयडाहोतल्या पार्माचा आयर्नमॅन. प्रत्येकाचं नियमपुस्तक स्वतःचं. रेटनसारख्या ठिकाणी डोंगरउतारावर शेकडो यार्डांवरची पोलादी टार्गेटं लावता येत, आणि तिथे गुण भागिले वेळ हा हिशोब गैरसोयीचा ठरू लागला. मग ‘टाइम प्लस’ आलं: लागलेला वेळ, अधिक चुकांचा दंड. पुठ्ठ्यावर एक गोळी ए पट्ट्यात किंवा कुठेही दोन लागल्या की टार्गेट निकालात; नाहीतर सेकंद वाढत जातात. नवख्याला हे लगेच कळतं. माझ्या मते मल्टी-गन लोकप्रिय होण्यात या सोप्या गुणपद्धतीचा वाटा जितका सांगितला जातो त्याहून मोठा आहे.

बंदुका आणि साइट यांनुसार खेळाडूंचे गटही याच काळात ठरत गेले. ओपनमध्ये जवळजवळ सगळं चालतं. लिमिटेडमध्ये साध्या साइट. हेवी मेटल मूळ रूपात .३०८ रायफल, .४५ पिस्तूल आणि पंप शॉटगन असा दणकट प्रकार. सर्वाधिक गर्दी झाली ती टॅक्टिकल ऑप्टिक्समध्ये, जिथे मूळ नियमाप्रमाणे रायफलला एक दुर्बीण चाले आणि बाकी दोन्ही बंदुका साध्या साइटच्या. एका टोकाला दहा यार्डांवरचा पुठ्ठा, दुसऱ्या टोकाला चारशे यार्डांवरची पट्टी. दोन्हीसाठी एकच दुर्बीण हवी, म्हणून एकपट ते चौपट, मग सहापट अशा कमी ताकदीच्या दुर्बिणींना या खेळाने मोठं गिऱ्हाईक मिळवून दिलं.

कायद्याचाही हात होता. १९९४ ते २००४ या काळात अमेरिकेत ठरावीक वैशिष्ट्यं असलेल्या अर्धस्वयंचलित रायफलींच्या आणि दहापेक्षा जास्त काडतुसांच्या मॅगझिनच्या नव्या उत्पादनावर संघीय बंदी होती. ती संपली आणि एआर-१५ धाटणीच्या रायफली, त्यांचे सुटे भाग आणि मॅगझिन मुबलक झाली. नव्या मल्टी-गन खेळाडूंची लाट त्यानंतरची आहे.

शॉटगनचं भरणं हा या खेळाचा सर्वांत वेगळा अंग. रायफल आणि पिस्तुलाचं मॅगझिन एका झटक्यात बदलतं. शॉटगनच्या नळीखालच्या पोकळीत मात्र काडतुसं हातानेच सारावी लागतात. बऱ्याच सामन्यांत सुरुवातीला नऊच भरू देतात आणि स्टेजला वीस-पंचवीस लागतात. पूर्वी डाव्या मुठीत चार काडतुसं घेऊन अंगठ्याने एकेक ढकलत. २०१० नंतर नवी रीत पसरली. काडतुसं छातीवर किंवा पट्ट्यावर दोन-दोनच्या जोड्यांत, एकाखाली एक अशी लावायची. बंदूक उलटी करून खांद्यावर टेकवायची. चार काडतुसं एकदम मुठीत घ्यायची आणि दोन-दोन करत दोन दाबांत आत सारायची. त्यासाठी बंदुकीच्या पोटातलं तोंड घासून रुंद करून घेतात. तरबेज हाताला आठ काडतुसं भरायला चार-पाच सेकंद पुरतात. नवख्याची तेवढ्यात दोन जातात आणि एक जमिनीवर पडते. पडलेलं उचलायला वाकू नये, पट्ट्यावरचं पुढचं घ्यावं, हा सल्ला कुणीही अनुभवी माणूस देईल. स्टेजवरचे सेकंद सर्वांत जास्त इथेच जातात आणि सुधारणाही सर्वांत लवकर इथेच दिसते. शिवाय हा सराव डमी काडतुसांवर घरी करता येतो.

२०१० च्या आसपास ‘थ्री-गन नेशन’ या सामन्यांच्या मालिकेने हा खेळ टीव्हीवर नेला. अमेरिकन सैन्याच्या नेमबाजी पथकातला डॅनियल हॉर्नर, लुइझियानाचा जेरी मिक्युलेक आणि त्याची मुलगी लीना ही नावं त्यातून घरोघरी पोचली. १९९९ मध्ये रिव्हॉल्व्हरच्या बारा गोळ्या, मधे एकदा भरून, २.९९ सेकंदांत झाडणारा तो हाच जेरी. त्या दशकाच्या अखेरीस ही मालिका बंद पडली, पण तिने गावोगावच्या क्लबांना लहान, जवळच्या अंतराच्या सामन्यांची घडी घालून दिली. लांब अंतराची रेंज नसलेल्या क्लबलाही आता मल्टी-गन भरवता येऊ लागला.

त्यानंतरच्या बदलांनी दार आणखी उघडलं. २०१६ मध्ये यूएसपीएसएने पिस्तुलाच्या काडतुसाची कार्बाइन स्वतंत्र गट म्हणून घेतली. खांद्याला लावायच्या बंदुकीची सवय तिच्यावर स्वस्तात होते. रायफल आणि पिस्तूल एवढ्यावरच चालणारे टू-गन सामने वाढले, म्हणजे सर्वांत अवघड आणि खर्चिक शॉटगन पहिल्या वर्षी बाजूला ठेवता येते. आयपीएससीनेही शॉटगनचं पहिलं जागतिक अजिंक्यपद २०१२ मध्ये हंगेरीत आणि रायफलचं २०१७ मध्ये रशियात भरवलं.

त्यामुळे आज सुरुवात करणाऱ्याला ओपन गटातल्या महागड्या बंदुकांकडे बघून थबकायचं कारण नाही. चालणारं पिस्तूल, चापाचं कवच पूर्ण झाकणारं होल्स्टर, तीन-चार मॅगझिन, साधी भरवशाची रायफल, डोळ्या-कानांचं संरक्षण, आणि शॉटगन नसेल तर पथकातल्या कुणालातरी आधीच विचारून ठेवणं, एवढं पुरतं. पहिल्याच सामन्याला जाऊन पंचांना ‘मी नवा आहे’ हे सांगावं. बहुतेक ठिकाणी मग त्याला यादीत खाली ठेवतात, म्हणजे आधी सात-आठ जणांची धाव बघायला मिळते. तोवर पुठ्ठ्यावरची भोकं चिकटपट्टीने बुजवायची, पडलेली पोलादी टार्गेटं उभी करायची आणि प्रत्येकजण रायफल पिंपात ठेवताना अंगठा कुठे नेतो ते नीट पाहायचं.