बहीण इंग्रजीकडे वळली, भाऊ मागे का राहिला?

मागच्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत तो फॉरवर्ड आला, की मराठी माणूस मुलाला इंग्लिश मीडियमला घालतो आणि मुलीला मराठी शाळेत, कारण मुलगी म्हणजे परक्याचं धन. सगळ्यांनी खाली अंगठे दिले. ऐकायला पटतं, कित्येक घरांत खरंही असेल, पण दादरच्या शाळांच्या नोंदींतून जे बाहेर आलंय ते यापेक्षा खूप वेगळं आहे, आणि मला ते इतकं आवडतं की कोणी विषय काढला की मी अर्धा तास बोलत बसते. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं.

कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग हे दोन अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी दादरमधल्या २९ पैकी २८ शाळांच्या नोंदी घेतल्या, १९८२ ते २००१ या वीस वर्षांत पहिलीत नाव घातलेली मराठी घरांतली मुलंमुली त्यातून निवडली आणि साधारण ४,९०० घरांची पाहणी केली. जात कुठली, बाप काय करतो, आई काय करते, काका-मामा कुठे कामाला, मूल कुठल्या माध्यमात. हा पेपर २००६ साली आला. काळ बघा कुठला आहे, मधोमध १९९१ येतं. बाजार उघडला, परदेशी बँका आल्या, एअरलाइन्स आल्या, सॉफ्टवेअर आलं, आणि इंग्रजी माध्यमात शिकलेल्याचा पगार मराठी माध्यमवाल्यापेक्षा आधीही जास्त होताच तो नव्वदच्या दशकात आणखीनच वर गेला, पुरुषांचाही आणि बायकांचाही. मग सगळे इंग्रजीकडे धावले असतील ना? धावले, पण सारखे नाही. वरच्या मानल्या जाणाऱ्या जातींतल्या मुली आणि खालच्या मानल्या जाणाऱ्या जातींतल्या मुली यांच्यातलं इंग्रजी शाळेचं अंतर वीस वर्षांत झपाट्याने कमी झालं. मुलांमधलं अंतर मात्र जवळजवळ तिथंच राहिलं. म्हणजे कामगार घरातली पोरगी नव्या जगाकडे वेगाने वळली आणि तिच्याच जातीतला, तिच्यासारख्याच घरातला पोरगा मागे राहिला.

का? इथे माझ्या मामाची गोष्ट सांगते.

मामा साठच्या दशकाच्या शेवटी संगमेश्वरकडून एसटीने मुंबईला आला तेव्हा त्याच्याकडे एक ट्रंक, एक वळकटी आणि लालबागच्या गावमंडळाच्या खोलीचा पत्ता होता. त्या खोलीत वीस-पंचवीस माणसं राहायची, दिवसपाळीवाले कामाला गेले की रातपाळीवाले त्यांच्या जागेवर झोपायचे, ट्रंका भिंतीला एकावर एक लावलेल्या, जेवण पलीकडच्या खानावळीत. आठ दिवसांत गावातल्याच एकाने त्याला कापडाच्या मिलमध्ये साचाखात्यात, म्हणजे मागावर, बदली कामगार म्हणून चिकटवला. ना अर्ज ना इंटरव्ह्यू. जॉबरने, म्हणजे भरती करणाऱ्या मुकादमाने, फक्त विचारलं, कोणाचा कोण? उत्तर मिळालं, काम मिळालं.

आता हे वशिल्याचं वाटतं, पण मिलवाल्याच्या बाजूने विचार करा. समोर उभा असलेला पोरगा कष्टाळू आहे का, महिन्याभरात पळून तर जाणार नाही ना, हे त्याला दिसत नाही, आणि सर्टिफिकेट बघूनही कळत नाही. पण जॉबरने आपल्या गावचा पोरगा आणला की त्या पोराच्या मागे सगळी वाडी जामीन उभी राहते. त्याने कामचुकारपणा केला तर शिफारस करणाऱ्याचं तोंड काळं, पुढच्या पोराला तिथून दार बंद, आणि शिमग्याला गावी गेल्यावर त्याच्या आईला चार बायका ऐकवणार. बँक कर्ज देताना सोनं तारण ठेवते ना, तसं इथे पोराची गावातली पत तारण असते. ज्याच्याकडे जमीन नाही, डिग्री नाही, त्याच्याकडेही ही पत असते, म्हणून गरीब माणसाला शहरात उभं राहायला यापेक्षा मोठा आधार त्या काळी दुसरा नव्हता. मी याला अजिबात नावं ठेवणार नाही, आमचं घर त्यावरच चाललंय.

पण या यंत्राचा एक गुण असा की ते जितकी जास्त माणसं आत तितकं चांगलं चालतं. टेलिफोनसारखं आहे, गावात एकट्याकडेच फोन असेल तर त्याचा काय उपयोग? साचाखात्यात वाडीचे तीस जण असतील तर कुठे जागा झाली, कुठला जॉबर भरती करतोय हे संध्याकाळी खोलीवर कळतं, पाच जण उरले की बातमीही येत नाही आणि शिफारशीला वजनही राहत नाही. म्हणजे एखादा हुशार पोरगा ही वाट सोडून ऑफिसात गेला की त्याचा फायदा होतो पण मागे राहिलेल्यांचं थोडं थोडं नुकसान होतं, आणि हे नुकसान त्याला एकट्याला भरावं लागत नाही. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. मग जात, गावकी, घर, सगळे मिळून नकळत त्याला धरून ठेवतात, अरे मामा आहे की तिथे, लागशील, इंग्रजी कशाला पाहिजे. कोणी वाईट हेतूने म्हणत नाही. आणि पहिलीला घातलेल्या पोराच्या माध्यमाचा निकाल पंधरा वर्षांनी लागतो, १९८५ ला मराठी शाळेत घातलेला पोरगा २००० ला कामाला उभा राहतो, तोपर्यंत १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप होऊन, एकेक मिल बंद पडून, मामाची ओळख कधीच निकामी झालेली असते.

मुलींचं काय? मुलींसाठी अशी ओळख नव्हतीच. एके काळी मिलच्या वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामात, बायका बऱ्याच होत्या पण त्या हळूहळू बाहेर ढकलल्या गेल्या, आणि जातीतल्या पुरुषांचं जे जाळं होतं त्यात पोरीला चिकटवायची सोयच नव्हती. म्हणून तिला धरून ठेवणारंही काही नव्हतं. आईबापाने तिच्यापुरतं फक्त बाजाराकडे बघितलं.

आता तुम्ही म्हणाल की हे सगळं गरिबीमुळे असेल, जाळ्याचं काय घेऊन बसलात. इथेच त्या दोघांची खरी हुशारी आहे, जरा सावकाश वाचा. त्यांनी प्रत्येक जातीसाठी मोजलं की बापाच्या पिढीच्या पुरुषांपैकी किती जण कामगारवर्गातल्या कामांत होते. हा आकडा जितका मोठा तितकी त्या जातीतली मुलं मराठी माध्यमात जास्त, घरचं उत्पन्न आणि आईबापाचं शिक्षण सारखं धरूनसुद्धा. गरिबी हे कारण असतं तर त्याच जातीतल्या मुलींवरही तोच परिणाम दिसला असता ना, फी दोघांचीही भरावी लागते. शिक्षणाची आवड कमी हे कारण असतं तरी तसंच. पण मुलींवर या आकड्याचा परिणाम दिसला नाही. म्हणजे कारण असं पाहिजे की जे मुलाला लागतं आणि मुलीला लागत नाही, आणि तसं एकच उरतं, कामाच्या ओळखीचं जाळं. एकाच जातीतली मुलगी इथे मुलाची तुलना करायची फूटपट्टी झाली.

यात मराठी माध्यमाला मी दोष देत नाहीये, मी स्वतः मराठी शाळेत शिकले आणि विज्ञान मला तिथल्याच बाईंनी शिकवलं. नाक्यानाक्यावर इंटरनॅशनल नावाचे बोर्ड लावून पालकांना लुटणाऱ्या शाळांचं कौतुक तर त्याहून नाही. मुद्दा एवढाच की कुठलं पोर कुठल्या दारातून जाणार हे कोणाच्या तरी जुन्या स्थलांतराने आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

मुन्शींनी हेच दुसऱ्या टोकाला मेक्सिकोतही दाखवलं, २००३ च्या पेपरमध्ये. ज्या गावातली जास्त माणसं आधीपासून अमेरिकेत त्या गावच्या माणसाला तिथे काम लवकर मिळतं. पण हे गावच चलाख असेल म्हणूनही असू शकतं, मग ओळखणार कसं? त्यांनी पाऊस घेतला. काही वर्षांपूर्वी पाऊस दगा देऊन गेला की गावातून जास्त माणसं बाहेर पडतात आणि तिथे जुनी होतात, आणि पाऊस काही गावाची चलाखी बघून पडत नाही. तेव्हाच्या दुष्काळाने वाढलेली जुनी माणसं आज नव्याला काम मिळवून देतात हे आकड्यांत स्पष्ट दिसलं. हे वाचलं की कुंडलीत परदेशगमनाचा योग बघायला हजारो रुपये घेणाऱ्यांचा मला फार राग येतो. हैदराबादजवळ चिलकूरला बालाजीच्या देवळात व्हिसासाठी लोक अकरा प्रदक्षिणा घालतात, श्रद्धा ज्याची त्याला, पण दुबईला कोण जाणार हे बाराव्या घरातल्या ग्रहापेक्षा शेजारच्या घरातला चुलतभाऊ कुठे आहे यावर जास्त ठरतं, आणि मेक्सिकोपुरती तरी ओळखीची ही ताकद मोजून दाखवलेली आहे.

गावातल्या विषमतेचंही थोडं सांगते. पहिल्यांदा परदेशी जातो तो ज्याच्याकडे गहाण टाकायला काहीतरी आहे तो, एजंटला तोच पैसे देऊ शकतो, त्यामुळे सुरुवातीला त्याचं घर चिऱ्याचं होतं आणि बाकीच्यांचं कौलं फुटलेलं तसंच राहतं. मग त्याच्या ओळखीने जायचा खर्च आणि धोका कमी होतो, हळूहळू गरिबाचा पोरगाही जातो आणि दरी कमी व्हायला लागते. १९८६ मध्ये स्टार्क, टेलर आणि यित्झाकी यांनी मेक्सिकोच्या दोन गावांत हे तपासलं, जिथे बाहेर जायची वाट जुनी तिथे आलेला पैसा जास्त सारखा वाटला गेलेला.

घरच्यांनी या सगळ्याची मोजलेली किंमत मात्र कुठल्या तक्त्यात येत नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे अकराशेच्या वर बायका आहेत. कोणी म्हणतं बघा कोकणात मुलीला मान आहे. मान असेलही, पण या आकड्यातले बरेचसे पुरुष मुंबईत खोल्यांवर झोपलेले आहेत. लावणी, कापणी, सासूचं आजारपण, पोरांची शाळा, सगळं आमच्या आजीने आजोबांच्या मनीऑर्डरीवर आणि पत्रांवर काढलं, आजोबा वर्षातून दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला. मुली लांब देण्याचंही असंच. याच रोझेनझ्वाइगने स्टार्कबरोबर १९८९ मध्ये इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेच्या गावोगावच्या नोंदी वापरून दाखवलं की लेक दुसऱ्या पावसाच्या मुलखात दिली की दुष्काळात सोयऱ्यांचा आधार मिळतो. त्या नोंदींत आपली सोलापूर, अकोल्याकडची गावंही आहेत. म्हणजे लेकीचं जाणं हाही कुटुंबाचा विमाच, फक्त त्याचा हप्ता तिने भरायचा.

दादरच्या पाहणीत अजून एक निघालं, इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांची जातीबाहेर लग्नं जास्त होतात आणि ते महाराष्ट्राबाहेरही जास्त जातात. जातीतली सोयरीक हा त्या जाळ्याचा दोर होता ना, ती बाहेर झाली की वचक कोणावर ठेवणार. आमच्या मंडळाच्या खोलीचंही तसंच झालं, चाळ पाडली, टॉवरमध्ये बदली जागा मिळाली आणि आता तिथे गणपतीच्या मीटिंगपुरते पाच-सहा म्हातारे जमतात.

मामाची मुलगी मात्र मालाडला एका परदेशी बँकेच्या बॅक ऑफिसात आहे. मामाने मुलाला जवळच्या मराठी शाळेत घातलं होतं आणि मुलीला, शेजारची जाते म्हणून, इंग्लिश मीडियमला. भाऊ टेम्पो चालवतो, चांगला चालवतो. परवा तिच्याकडे गेले होते, वन बीएचके, भाड्याची. हॉलमध्ये तीन ट्रॉली बॅगा भिंतीला एकावर एक लावलेल्या. वाडीतल्या तीन पोरी, तिनेच रेफरलने लावलेल्या. एक नाइट शिफ्ट करून आतल्या खोलीत झोपली होती, दुसरी निघायच्या गडबडीत डबा भरत होती. ती बाहेर पडली तशी मामाची मुलगी तिला दारातून ओरडून म्हणाली, लॉगिनला उशीर करू नको गं, माझं नाव दिलंय मी तिथे.