नानांचे हात एवढे गार का पडतात

आपल्या खान्देशात थंडीला कुणी घाबरत नाही, घाबरायचं ते मे महिन्याला, भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा. थंडी म्हणजे भरीत, कळण्याची भाकरी, शेतात पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली वांगी. पण डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा कितीदा तरी ८ च्या खाली येतो, सातपुड्यात तोरणमाळ आणि डाबकडे तर काही वर्षी दव गोठतं. आणि घरात हार्टचा पेशंट असला की याच मोसमात जास्त जपावं लागतं, हे मला नानांच्या आजारपणात कळलं.

नाना म्हणजे माझे वडील. तीन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे हृदयाच्या चोंदलेल्या धमन्या उघडून त्यात दोन स्टेंट, बारीक जाळीच्या नळ्या, टाकल्या. त्याआधीच्या हिवाळ्यात पहाटे गव्हाला पाणी भरायला गेले की छातीत दडपल्यासारखं व्हायचं, घरी येऊन बसले की दहा मिनिटांत थांबायचं, आणि आम्ही सगळे त्याला गॅस समजत होतो. विचारलं की म्हणायचे "माले काही व्हत नई". दुपारी तेच काम करताना त्यांना खरंच काही होत नव्हतं, आणि खूण तिथेच होती, आम्हाला ती वाचता आली नाही.

थंडीत शरीरात काय होतं ते बघू. कातडीतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर गारवा ओळखणारे सेन्सर असतात, पेपरमिंटची गोळी तोंडात गार लागते ती याच सेन्सरमुळे, आणि तापमान-स्पर्शाच्या सेन्सरच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. हे सेन्सर जागे झाले की मेंदू हातापायाच्या आणि कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळून घेतो, म्हणजे आतली ऊब बाहेर जाऊ नये. ठिबकचे अर्धे व्हॉल्व्ह बंद केले की मेन लाईनमध्ये प्रेशर कसं चढतं, तसं बीपी चढतं. मोटार आपण बंद तरी करू शकतो, हृदयाला मात्र तेवढंच रक्त जास्त जोर लावून ढकलत राहावं लागतं, आणि जोर जास्त म्हणजे त्याला स्वतःला ऑक्सिजन पण जास्त लागतो.

आता निरोगी माणसात अशा वेळी हृदयाच्या स्वतःच्या धमन्या थोड्या रुंदावतात आणि ती गरज भागते. पण आतून चरबी साठलेल्या धमन्यांचं उलटं होतं. डॉक्टरांनी हे तपासून पाहिलंय, पेशंटचा हात बर्फाच्या पाण्यात बुडवायचा आणि हृदयाच्या धमन्यांचे फोटो घ्यायचे, तर आजारी धमनी रुंदावायच्या ऐवजी आकसते. म्हणजे गरज वाढली तेव्हाच पुरवठा कमी झाला. नानांचं पहाटेचं दडपण हेच होतं, त्याला अंजायना म्हणतात. वर थंडीत लघवी जास्त होते, पाणी कमी पितो, रक्त थोडं दाट होतं आणि गुठळी व्हायची शक्यता वाढते.

२०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता, १३ देशांतले ७ कोटी ४० लाखांवर मृत्यू तपासले, त्यात उष्णतेपेक्षा थंडीशी जोडलेले मृत्यू कितीतरी जास्त निघाले, आणि त्यातले बहुतेक कडाक्याच्या थंडीतले नाही तर साध्या थंडीच्या दिवसांतले. त्या देशांत भारत नव्हता, पण "आपल्याकडे कुठं बर्फ पडतो" म्हणून निर्धास्त राहणं मला तेव्हापासून पटत नाही.

स्टेंट टाकल्यावर छातीचं दडपण गेलं पण नानांना थंडी मात्र आधीपेक्षा जास्त वाजायला लागली. कानटोपी, दोन स्वेटर, आणि तरी हात बर्फासारखे. घरात सगळे म्हणायचे, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत म्हणून. मी पण तेच धरून चाललो होतो. खरं म्हणजे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेलने रक्त पाण्यासारखं होत नाही, त्यातल्या पेशी एकमेकींना चिकटत नाहीत एवढंच, आणि त्याने थंडी वाजत नाही.

मग तपासणीत दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे मेटोप्रोलॉल, ही बीटा ब्लॉकर जातीची गोळी, हृदयाचे ठोके कमी करते आणि त्याला आराम देते पण हातपाय गार पडणं हा तिचा माहीत असलेला साइड इफेक्ट आहे. दुसरं म्हणजे हिमोग्लोबिन ९, म्हणजे रक्त कमी, त्यानेही थंडी वाजते. आणि हे कमी का झालं तर त्याच रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी पोटात थोडं थोडं रक्त जात होतं. म्हणजे घरचे अगदीच चुकले नव्हते, फक्त रस्ता वेगळा होता. डॉक्टरांनी पोटाची गोळी आणि आयर्न दिलं, मेटोप्रोलॉलचा डोस कमी केला, तीन महिन्यांत फरक दिसला. इथे एक कळकळीने सांगतो, थंडी वाजते म्हणून बीटा ब्लॉकर स्वतःच्या मनाने बंद करू नका, एकदम सोडली की अंजायना उसळून येतो, अटॅक पण येऊ शकतो.

सगळ्यांचं कारण हेच असेल असं नाही. हृदयाचं पंपिंगच कमी असेल तर शरीर उरलेलं रक्त मेंदू-किडनीला आधी देतं आणि हातपाय गार राहतात. ॲमिओडॅरोन, म्हणजे ठोके अनियमित असले की देतात ती गोळी, चालू असेल तर थायरॉइड मंदावून थंडी वाजू शकते, ती साध्या रक्ततपासणीत कळते. आणि एकच पाय गार, चालताना पोटरी दुखते, वरून तंबाखू-बिडी, असं असेल तर पायाची धमनी दाखवून घ्या.

रोजचं म्हणाल तर आमच्याकडे पहाटेचं फिरणं बंद झालं, तसेही हार्ट अटॅक सकाळच्या वेळात जास्त येतात, आता ऊन पडल्यावर फिरायचं आणि पोटभर जेवून लगेच नाही. बाहेर निघताना उपरणं नाका-तोंडावरून, म्हणजे आत जाणारी हवा थोडी गरम होते. एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे बरे, मध्ये हवा राहते. बीपी घरी मोजतो, थंडीत ते थोडं वर सरकतंच, सतत जास्त राहिलं तर डॉक्टरांना वही दाखवतो. फ्लूची लस दरवर्षी. सर्दीची गोळी मेडिकलवरून विचारल्याशिवाय नाही, नाक मोकळं करणाऱ्या काही औषधांनी बीपी चढतं.

शेकोटी पूर्ण सोडा असं मी म्हणणार नाही, पण धूर हृदयाला वाईट आणि बंद खोलीत शेगडी तर जीव घेते. शुगर असलेल्यांनी गरम पाण्याची पिशवी पायाला लावताना आधी दुसऱ्याच्या हाताने तपासावी, पायाला भाजलेलं कळत नाही. थंडीत भरणाऱ्या सारंगखेड्याच्या यात्रेत उघड्यावर मुक्काम असतो आणि दारूने गरम वाटतं म्हणून लोक घेतात, कातडीच्या रक्तवाहिन्या सैल होतात म्हणून ते वाटणं असतं, आतली ऊब उलट बाहेर जाते. आणि थंडीत बसल्या जागी घाम फुटला, छाती जबडा किंवा हात दुखायला लागला, तर गॅस म्हणून थांबू नका, आहे तिथे बसवा आणि १०८ ला फोन करा.

सगळ्यात अवघड गोष्ट रात्रीच्या लाईटची. रब्बीला पाणी तर द्यावंच लागतं आणि लाईट रात्रीची असली की गुडघाभर गारठ्यात, ओल्या पायांनी दोन-तीन तास उभं राहायचं, हे हृदयाच्या पेशंटचं कामच नाही, पण घरात दुसरा माणूस नसेल तर त्याला कोण सांगणार. आमच्याकडे धाकटा भाऊ आहे म्हणून जमलं. तो रात्री जातो, आणि नाना नऊ-साडेनऊला उन्हं वर आल्यावर कानटोपी घालून बांधावर जातात, पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचलं का ते बघायला.